चार किलो दाणा, एक किलो डांबर

४ ऑक्टोबर

बुटोनच्या खाणकामगारांनो! आपल्या बेटाच्या पोटात डांबराचे डोंगर आहेत, आणि आपल्याच रस्त्याला ते पुरत नाही म्हणे!

— उद्याच्या युनियनच्या सभेत माझ्या भाषणाची सुरुवात हीच. शहरातल्या प्रयोगशाळेचा निकाल आलाय. बंदराच्या नव्या रस्त्याच्या नमुन्यात डांबर ५.४ टक्के. हवं सहा, फार तर पाव टक्का कमी चालतं. दुसऱ्या चाचणीतही कमीच निघालं तर सगळा थर खरवडायचा, पुढचा रस्ता बाहेरच्या डांबरावर, आणि आमची खाण बंद. मग बायकापोरांनी काय दगड चाटायचे?

प्रयोगशाळावाले चोर आहेत! उद्या तोंडावर म्हणणार.

५ ऑक्टोबर

सभा पुढे ढकलली. नुरसियामुळे. माझी भाची, मिश्रणाच्या प्लांटवर इंजिनिअर आहे. सकाळीच दारात — "मामा, भाषण दाखवा आधी."

वाचता वाचता हसायलाच लागली. मी हिशोब मांडला होता : शंभर किलो मिश्रणात कारखान्याचं डांबर पाच किलो, आपल्या खाणीच्या डांबरी दगडाचा दाणा चार किलो, म्हणजे डांबर नऊ किलो! मग ५.४ कसं?

"मासा घेताना काटेही मांस म्हणून धरता का हो? दाण्यात डांबर पाव भाग. बाकी दगडाची भुकटी. चार किलोत एकच किलो. पाच नि एक सहा."

"बरं, सहा. मग उरलेलं खाल्लं कोणी?"

"कोणी नाही. ते दाण्यातच आहे."

तिने समजावलं. नमुना डांबर विरघळवणाऱ्या द्रावकात धुतात. साध्या डांबराचा असतो तेव्हा द्रावक स्वच्छ उतरायला लागलं की काम संपतं. इथेही ते तिथेच थांबले. पण आपल्या दाण्याच्या आतलं डांबर सावकाश सुटतं. ते आत राहिलं आणि दगड म्हणून तोललं गेलं. तिला तसं वाटतं. पुन्हा धुवायची मागणी तिने केलीय.

"आणि मी त्यांना चोर म्हणणार होतो."

"चोर म्हटलेलं विसरले असते, मामा. नऊ म्हटलेलं जन्मभर ऐकवलं असतं!"

एवढी पुस्तकं वाचली, पण दगडाचं वजन डांबरात धरलं. धन्य!

६ ऑक्टोबर

वाट पाहतोय. कसाव्याची वाफवलेली कसुआमी पानात तशीच पडलीय.

८ ऑक्टोबर

५.९७!

नुरसियाचा फोन आला तेव्हा मी बंदरावर होतो. तिथेच दोरखंडांवर बसलो. नमुना कुस्करून जास्त वेळ भिजवला, पुन्हा पुन्हा धुतला — आणि निघालं! थर राहणार. खाण राहणार.

प्लांटचा मुकादम ला हिबाली चहाच्या टपरीवर नाचला. "बोल की दादा दोन शब्द!" लोकांनी आग्रह केला, पण मी म्हटलं, आधी कालवण! सगळे हसले. मग माशाचं आंबट कालवण ओरपलं, तीन वाट्या. किती दिवसांनी झोप येतेय.

१० ऑक्टोबर

नव्या रस्त्याच्या शाळेजवळच्या चढावर भर दुपारी चप्पल चिकटली. डांबर वर आलंय, काळं, चकचकीत. नुरसिया म्हणाली, चाचणीचा नमुना सपाटीवरचा होता. इथे डांबर फार जास्त आहे, पाऊस पडला की मोटरसायकली घसरणार. ला हिबालीला विचारलं. छाती फुगवून म्हणाला, "दादा, तूच नाही का मागच्या सभेत व्यासपीठावरून गरजलास — आपला दगड जितका जास्त, तितका रस्ता पक्का! म्हणून चढावर मिश्रणाच्या दर घाण्याला दाण्याचं एक पोतं वाढवलं."

अजून कोणी पडलेलं नाही. सुटलो!

भावांनो, चूक माझ्या तोंडची आहे. उद्या सकाळी पहारी घेऊन शाळेच्या चढावर या. तेवढा थर आपणच काढायचा.