एक्केचाळीस नंबरचं झाड

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झालो. विनीताच्या बँकेने तिची बदली कोलकात्याला केली आणि मी बायकोच्या बदलीबरोबर आलेलं सामान, असं ती शेजारच्यांना हसत सांगते. सामानाला आठ दिवसांत नोकरी लागली, हे मात्र सांगायला विसरते. झाडांची देखभाल करणारी खाजगी कंपनी आहे. काम माझं नेहमीचंच: दोर बांधून वर चढायचं, वाळक्या फांद्या उतरवायच्या, कीड बघायची आणि कुठलं झाड ठेवायचं, कुठलं पाडायचं ते सही करून द्यायचं.

जागा बजबजला, नदीकाठी. ज्यूट मिलच्या एका साहेबाचा बंगला होता, तो पाडून झालाय. आता नुसतं आवार आणि झाडं. लेक गार्डन्सहून लोकलने तासाच्या आत पोचलो. आवार सांभाळायला एकच माळी, निमाईदा, सत्तरीच्या पुढचा. त्याचं हिंदी लंगडं, माझंही लंगडं, म्हणून आमचं छान जमलं. आपली तामण इथे जारुल, आपला सातवीण इथे छातिम. छातिम असा फुललाय की वासाने डोकं चढलं. बावीस झाडं मोजून, नंबरांचे बिल्ले खिळ्याने ठोकून संपवली. मन प्रसन्न आहे. संध्याकाळी विनीने पिठलं केलं होतं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

एक्केचाळीस नंबरला अडकलो. पंधरा वर्षं या धंद्यात आहे, पण हे झाड माझ्या ओळखीचं नाही. पानं जांभळासारखी समोरासमोर, पण चुरगाळली तर वास शून्य. साल गव्हाळ, मऊ, हाताला किंचित कोमट लागते. उन्हात उभं आहे, म्हणून असेल. नदीकडे झुकलंय. लाकडी मोगरीने ठोकलं तर आतून पोकळ वाजलं. रजिस्टरमध्ये लिहिलं: धोकादायक, पाडावे. पाडायची सरकारी परवानगी कंपनीने आधीच काढून ठेवली आहे, यादी गेली की माणसं येतात.

निमाईदाने हात जोडून सांगितलं की या झाडाचा नावाचा रकाना कोरा ठेवा. मी म्हणालो, माझ्या रजिस्टरात कोरा रकाना राहत नाही. वाईला माझे गुरू होते, त्यांची शिस्तच अशी की ओळख पटेपर्यंत झाडाला घरातलं कुणाचं तरी नाव द्यायचं, तान्ह्या पोराला लाडाचं नाव देतात तसं. साताऱ्यात एकाला सुमनआत्याचं नाव दिलं होतं, तो पुढे साधा करंज निघाला. आज सकाळी विनी मला झाडांचा डॉक्टर म्हणून चिडवत होती, त्याची परतफेड केली. बिल्ल्याखाली पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहिलं, विनीता. फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की वाकडं आणि आतून पोकळ आहे तर तुझंच नाव शोभलं असतं. हसत बिल्ल्याचा खिळा आणखी चार ठोके मारून पक्का केला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

यादी ऑफिसात दिली. विनीच्या गळ्याखाली, हाडाच्या खालच्या बाजूला लाल टिपका आलाय, दाबला की ठणकतो. काल दुपारी बँकेत बसल्या बसल्या छातीत कुणीतरी ठोकतंय असं तिला वाटत होतं. मी म्हणालो, इथलं गोड दही, ते मिष्टी दोई, जरा कमी खा. ती हसली नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

चीक बघावा म्हणून एक्केचाळीसच्या सालीत सुरीने पाचर काढली. बोटभर लांब, निमुळती. आतून लाल चीक आला. त्यात नवल नाही, बिबळ्याच्या झाडालाही येतो. वहीत वेळ टिपली, सव्वाअकरा.

घरी आलो तर विनीच्या कमरेला पट्टी. आज दुसरा शनिवार, ती घरीच होती. गॅलरीत पेपर वाचत होती, हातात सुरी नाही, जवळ काच नाही. गाऊन एकदम ओला लागला म्हणून तिने पाहिलं. मी पट्टी सोडून बघितली. बोटभर लांब, निमुळती. मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, खालच्या शाळेची मधली सुट्टी झाली तेव्हा, सव्वाअकरा.

तिला काही सांगितलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

काल रविवार तिला डॉक्टरकडे नेण्यात गेला. त्यांनी टाके घातले आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

आज पोचल्याबरोबर तारेच्या ब्रशने नाव घासून काढलं. पांढरा कणही ठेवला नाही. दहा मिनिटांत तिच्या बँकेतल्या अश्विनीचा फोन आला. विनीता खुर्चीत बसली आहे, हाक मारली तर बघत नाही, सही करायला सांगितली तर पेन धरून नुसती थांबते. गळ्याखालची कातडी सोलवटली आहे, ब्लाउज रक्ताने भिजलाय. अश्विनी रडत होती.

मी तिथेच रंगाचा डबा उघडला. विनीता. वेलांटी न् वेलांटी नीट काढली. मग विनीचाच फोन आला. म्हणाली, अजेय, मला डुलकी लागली होती का रे? आणि तू का रडतोयस?

मी भ्यालोय. सरळ लिहितो, मी फार भ्यालोय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

निमाईदाच्या पायाशी बसलो. तो नजर वर न करता बोलला. त्याच्या बापानेही इथेच माळीकाम केलं. कौतुकाने या झाडावर मुलीचं नाव कोरलं होतं, निमाईदाच्या थोरल्या बहिणीचं. पुढे वादळात झाडाची फांदी मोडली आणि मुलीचा हात गेला. बापाने मग तिचं नाव खरवडून तिथे स्वतःचं कोरलं. मुलगी वाचली. त्याच वर्षी झाडाच्या बुंध्याला वाळवी लागली, आतून पोखरलं, आणि बाप गेला. तो गेल्यावर झाड पुन्हा कोरं झालं. निमाईदाने खालच्या सालीवर वण दाखवला. म्हणाला, नाव पुसून सुटका नाही बाबू. तिथे दुसरं बसवावं लागतं, जित्या माणसाचं, आणि ते ज्याचं त्याने, नाहीतर त्याच्या घरच्यानेच लिहायचं. बापाने नाव दिलेलं लेकराला लागतं, नवऱ्याने दिलेलं बायकोला. परक्याचं लागत नाही.

तरी करून पाहिलं. तिच्या नावाशेजारी करंज लिहिलं, रंग ओघळला. देवाचं नाव लिहिलं, ओघळलं. आणि हेही लिहून ठेवतो, लाज वाटली तरी: निमाईदाचं नाव लिहिलं. तो बघत उभा होता. तेही ओघळलं. त्याने मला पाणी आणून दिलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

ऑफिसातून निरोप. उद्या तोडणी. माझ्याच यादीप्रमाणे, माझ्याच सहीने.

सांगितलं, एक्केचाळीस निरोगी आहे, चूक माझी. साहेब म्हणाले, पोकळ आहे असं तुम्हीच लिहिलंत, उद्या कुणाच्या अंगावर पडलं तर? मी पाया पडायचं तेवढं राहिलं. फोन ठेवला त्यांनी.

विनी विचारते, जेवत का नाहीस. तिच्या कमरेचे टाके अजून ओले आहेत. झोपली होती तेव्हा तिच्या पाठीवर कान ठेवला. पोकळ —

नाही लिहवत.

गुरुवार, १४ नोव्हेंबर, सकाळी

दोन करवती, क्रेन, नऊ माणसं. नदीच्या टोकाकडून सुरुवात. म्हणजे एक्केचाळीस तिसरं.

झाडाला मिठी मारून उभा राहिलो. माणसं हसली. मग दोघांनी धरून फाटकाशी आणून बसवलं. कंत्राटदार कागद दाखवतो — सही माझी —

पहिलं पडलं.

निमाईदाने त्यांना चहाला बोलावलंय. मागच्या बाजूला, मुद्दाम. जाताना रंगाचा डबा माझ्याजवळ ठेवून गेला.

दहा पन्नास

ब्रशने तिचं नाव घासलं. थांबलो नाही — लगेच वर माझं. अजेय. ओघळलं नाही. रंग क्षणात सुकला.

फोन लावला. उचलला तिने. म्हणाली, कमरेचं दुखणं एकदम थांबलं बघ, आणि गळ्याखाली काहीच नाही, आरशात बघून आले. हसत होती. किती दिवसांनी हसली. संध्याकाळी काय करू, विचारत होती. म्हणालो, तुला आवडेल ते कर.

माझ्या गळ्याखाली ठणकतंय. खिळ्याच्या जागी.

खोडाला टेकून बसलो होतो, त्यांनी पुन्हा बाजूला केलं. आता दहा पावलांवर आहे. पळून उपयोग नाही. सियालदह स्टेशनला गेलो काय, वाईला गेलो काय —

दुसरं पडलं.

भीती वाटते. वाटणारच. पण नाव लिहिलं त्या बुधवारी ब्रश माझ्या हातात होता, तिच्या नव्हता.

करवत सुरू केली. बुंध्याला लावतात — मी शिकवलं असतं तसंच, झुकल्या बाजूने आधी खाच —

घोट्यांवर गार लागतंय. बूट रक्ताने भरला.

विनी, वही निमाईदाकडे देतोय. तू वाचू नकोस. वाचलीस तर इकडे येऊ नकोस, आणि त्या झाडाच्या खुंटाबद्दल कुणी काही विचारलं तर सांग, याला नाव —