हवामानाच्या बाईंची दुसरी प्रत

सोमवार, ३ तारीख

आज रुजू झाले. ध्वनिमुद्रणाची खोली मला फारच आवडली. तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे, भिंतींना राखाडी फोम, खाली जाड सतरंजी, आणि दार लावलं की कानात कापूस घातल्यासारखी शांतता. पहिल्याच नोकरीत हे मिळालं म्हणजे मी नशीबवान. आल्या आल्या टेबल पुसलं. फडकं तीनदा काळं झालं, त्यावरून इथल्या माणसांची ओळख झाली.

माणसं दोनच. एक मालक, स्वतःला ध्वनितज्ज्ञ म्हणवतात आणि त्यांच्याच खुर्चीचं चाक कुरकुरतं. दुसरा गळ्यात केबलची वेटोळी घालून फिरतो, म्हणून त्याचं नाव तारवाला.

काम मात्र मोठं आहे. एक बाई आहेत, तीस वर्षं रेडिओवर हवामान सांगत होत्या. १४ तारखेला ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. त्याआधी त्यांच्या आवाजात बाराशे वाक्यं ध्वनिमुद्रित करायची. पुढे त्या टाइप करतील आणि यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. त्यांची थोरली बहीण आंधळी आहे, दोघी एकत्र राहतात. तिथे चिठ्ठ्या लिहून भागणार नाही. थोरलीला धाकटी म्हणजे आवाजच. मालकांनी हे सगळं दात कोरत सांगितलं.

आवाज साठवायला डिस्क कोणती घ्यायची ते तुम्हीच ठरवा मॅडम, असंही म्हणाले. लहान मुलाच्या हाती स्टिअरिंग दिल्यासारखं तोंड करून.

मंगळवार, ४ तारीख

दुकानदार आठ टीबीची डिस्क गळ्यात मारू पाहत होता. आयुष्यभर पुरेल ताई, म्हणे. एका माणसाच्या तासभर आवाजाला किती जागा लागते, असं मी विचारलं. तो म्हणाला, भरपूर. पाच-साडेपाचशे एमबी लागतात, मी घरून हिशेब काढून नेला होता. भरपूर हे माप कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे.

लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर ध्वनिमुद्रण करायचं नाही. तिथे सगळा संसार चाललेला असतो, मध्येच तिला उचकी लागते आणि वाक्यातलं अक्षर गळतं. चकतीवाली डिस्क स्वस्त, पण चकती फिरली की गुणगुणते आणि माइक ते इमानेइतबारे टिपतो. तारवाल्याचं म्हणणं, ते नंतर काढता येतं. डागही नंतर निघतो, म्हणून कुणी शर्टावर शाई ओतत नाही. मी चकती नसलेली घेतली, एसएसडी, एक टीबीची. दोन घेतल्या.

दोन कशाला, असं मालकांनी विचारलंच. यांना काय सांगणार. मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, आत्याने घरीच शिकवलं. ती कोर्टाचे कागद टंकून द्यायची. बाराखडीच्याही आधी तिने मला शिकवलं की एक प्रत म्हणजे नसलेली प्रत.

बुधवार, ५ तारीख

बाई आल्या. आवाज असा, की ढगाळ म्हणाल्या तर खिडकीकडे बघावंसं वाटावं. मला पोरी म्हणतात. दोनशे दहा वाक्यं झाली, एकही गाळायला लागलं नाही. थोरली बाहेर बाकावर बसून दारातून ऐकत होती. दार लावा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे गं जरा फट, तिला करमत नाही.

संपल्यावर मी दुसरी डिस्क जोडली, तर तारवाला मधे आला. माणसाचं काम पुरं होईपर्यंत प्रत काढायची नाही, ही इथली पद्धत आहे, म्हणाला. कारण विचारलं. मालक म्हणाले, अहो पद्धत म्हणजे पद्धत, ऑडिटरबाई. आळसाला पद्धत म्हणतात आणि वर मलाच नावं ठेवतात.

ते जेवायला गेल्यावर मी प्रत काढली. डिस्कांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, पहिली आणि दुसरी.

गुरुवार, ६ तारीख

बाईंचा आवाज आज बसला होता. रात्री गार वारा लागला असेल, असं त्यांचंच अनुमान. अनुमानं सांगण्यात त्यांचा जन्म गेला, मी काय बोलणार. दीडशे वाक्यं झाली. प्रत काढली.

शुक्रवार, ७ तारीख

नव्वद वाक्यं. शेवटची वीस कुजबुजल्यासारखी. ऑपरेशनपर्यंत आवाज टिकेल असं डॉक्टरांनी शब्द देऊन सांगितलं होतं. मालक म्हणाले, डॉक्टर काय, बोलतात. स्वतः पंचवीस वर्षं हेच करतात.

थोरलीने मला बाकाजवळ बोलावलं, माझा हात शोधून धरला आणि विचारलं की आत कोण वाचतंय. म्हटलं, तुमची धाकटी. तिने हात सोडला. म्हणाली, मला फसवू नकोस, बाळ.

प्रत काढली. मग दोन्ही डिस्कांचा ताळा घेतला, जो इथे आजवर कुणी घेतला नसेल. बुधवारची फाइल दुसऱ्या डिस्कवर सहा एमबींनी मोठी आहे. प्रत मुळापेक्षा मोठी असूच शकत नाही. तारवाल्याला दाखवलं तर तो उठून बाहेर गेला. अडाणी.

सोमवार, १० तारीख

वाढलेला तुकडा ऐकला. एक्केचाळीस सेकंदांचा आहे, शेवटच्या वाक्यानंतरचा. बाईंचाच आवाज, बुधवारचा, भरलेला. संहितेत नसलेलं वाचतायत, हवामान सांगायच्या त्याच सुरात.

शब्दशः उतरवते. "खोलीत एक मुलगी आहे. ती फाइली मोजते आहे. तिने डावी चप्पल काढून खुर्चीखाली सरकवली आहे. उद्या बाकावर शांतता राहील."

मी खाली पाहिलं. डावीच.

हा तारवाल्याचा चावटपणा असणार. त्याची अक्कल एवढीच.

बाई आज दहा वाक्यं बोलल्या. दहा. तरी प्रत काढली. आता तर काढायलाच हवी.

मंगळवार, ११ तारीख

बहिणी आज आल्या नाहीत, बाक रिकामा. चावटपणा नाही. तारवाल्यासमोर तुकडा लावला तेव्हा त्याने झटकन स्पीकर बंद केला. त्याने विचारलं किती प्रती काढल्यास. म्हटलं, रोज.

आधी एक कीर्तनाला साथ करणारे गृहस्थ होते, म्हणे. त्यांची प्रत काढली आणि त्यांचा आवाज प्रतीत गेला. खुर्चीतला माणूस रिकामा होत गेला. घाबरून प्रत पुसली, तर दुसऱ्या दिवशी गृहस्थ खणखणीत बोलले. आवाज एका वेळी एकाच जागी राहतो, असं तो म्हणाला. पुस, आत्ताच्या आत्ता पुस, म्हणाला.

आणि हे कारण पहिल्याच दिवशी सांगायला याची जीभ झडली होती. पद्धत, म्हणे.

मी पहिली डिस्क उघडली. फाइली आहेत, लांबीही पूर्वीइतकीच, पण आत आवाजाच्या लाटांच्या जागी सरळ रेघ. चारही दिवस. सरळ रेघ. सगळा आवाज फक्त दुसऱ्या डिस्कवर आहे.

म्हणजे तीच आता एकमेव प्रत. आणि ती मी पुसायची. कुणाच्या सांगण्यावरून, तर टेबल न पुसणाऱ्या माणसाच्या. पुसली आणि आवाज परत आलाच नाही तर? बाई मुक्या आणि डिस्कही मुकी. थोरलीला काय द्यायचं?

बुधवार, १२ तारीख

बाई आल्या. ओठ हलतात, आवाज नाही, श्वाससुद्धा ऐकू येत नाही. वहीत लिहून विचारलं, सगळं नीट आहे ना तुझ्याकडे. मी हो म्हटलं. उद्याचा पूर्ण दिवस थोरलीशी बोलण्यासाठी राखून ठेवला होता, असं त्यांनी खाली लिहिलं. अक्षर सुरेख आहे.

थोरली बाकावर बसून शेजारी हात फिरवत होती. कोण बसलंय, कोण आहे, असं विचारत राहिली. बाईंनी तिचा हात आपल्या गालावर धरला. थोरलीने तो ओढून घेतला.

मी पुसायचं ठरवलं. पण एकमेव प्रत नुसती कशी पुसणार. म्हणून आधी एक प्रत—

काढली. लॅपटॉपच्या पोटातल्या डिस्कवर. फक्त रात्रीपुरती, सकाळी दोन्ही पुसेन.

मालकांना मूर्ख म्हणत होते मी.

गुरुवार, १३ तारीख, सकाळी नऊ

दुसरी डिस्कही आता सरळ रेघ. आवाज लॅपटॉपमध्ये गेलाय. बाहेरची डिस्क निदान उपटता येते. ही कशी—

मी काही चालू केलेलं नाही. तरी स्पीकरमधून—

आता एक्केचाळीस सेकंद नाहीत. थांबतच नाही.

साडेनऊ

वायर काढली. बॅटरीवर चाललंय. दोघी बहिणी बाहेर बाकावर आहेत. थोरली दाराशी आली, तिला आवाज ऐकू येतो. ती म्हणते, माझी धाकटी आत आहे, मला आत सोडा. धाकटी तिच्या मागे उभी. तोंड उघडं.

तारवाला दार धरून उभा आहे. पुस, एवढंच म्हणतोय. मालक आज आलेच नाहीत.

आवाज म्हणतो, "मुलगी वहीत लिहिते आहे." मी लिहितेच आहे. लिहिलं की चूक होत नाही, आत्याने—

"आत्याने शिकवलं आहे."

फाइल निवडली. पुसायचं बटण समोर आहे. एक बोट. उद्या ऑपरेशन. बाईंना आजचा दिवस तरी—

"बाईंना आजचा दिवस तरी," असं आवाज म्हणतो. मी लिहायच्या आधी.

त्या सुरात कुजकट हसू उमटतं. बाई अशा हसत नव्हत्या.

"पुढील काही मिनिटांत मुलगी बोट उचलेल. मुलगी पुसणार नाही. मुलगी आधी ताळा घेईल."

नाही घेणार. ताळा नाही, काही नाही. थोरली दार वाजवते आहे. मी आता बटण—

फक्त एकदा बघते, हीच फाइल आहे ना, की चुकून दुस