मीटर छताला

३ तारीख.
आलो एकदाचे. नोकरी खर्चकपातीची, कंपनी वायू पुरणारी. कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन डायऑक्साइड नळांनी आणायचा आणि जमिनीच्या पोटात खोल दाबायचा. टनामागे पैसे. कबर खोदणाऱ्यांनंतर पुरण्यावर पोट भरणारे आम्हीच. घर कंपनीचं, खोलगट जागेत. तिथली जमीन स्वस्त पडली. हिला स्वयंपाकघर फार आवडलं. लग्न झाल्यापासून तुमच्या नोकरीचा मला पहिल्यांदा काही उपयोग झाला, म्हणाली.

८ तारीख.
धंदा कळला. वायू खाली घातल्याचे पैसे मिळतात. तो खालीच राहावा म्हणून कुणी छदाम देत नाही. मात्र गळला, तर घेतलेले सगळे परत. म्हणून मोठे साहेब गळती हा शब्दच तोंडातून काढत नाहीत. वायू हुंगणारा मीटर बोंबलला की म्हणतात, मीटर बिघडला. आणि घराघरांत गुडघ्याच्या उंचीवर लावलेले हे मीटर सारखे बोंबलतात, कारण हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत लोळतो. मी सुचवलं, मीटर छताला लावा. साहेबांनी पाठ थोपटली. शाळेतसुद्धा माझं इतकं कौतुक झालं नव्हतं.

१४ तारीख.
छान शांतता. शेजारच्या पंपवाल्याच्या कोंबड्या खुराड्यात मेल्या. वरच्या फांदीवरचे कावळे ठणठणीत. साहेब म्हणाले, कोंबड्यांची साथ असेल. मी मान डोलावली. पगार त्याचाच आहे.

१७ तारीख.
हिचं डोकं ठणकतं, धाप लागते. मीटर खाली आणा म्हणते. हुशारी ऑफिसातच ठेवून येत जा, असंही म्हणाली. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, खाली आणला तर वाजेल, वाजला तर कंपनी बुडेल, आणि कल्पना तुमची होती. वर चहा पाजला. घरी सांगितलं, विचार चालू आहे.

१८.
पंपवाला बायकापोरांसह गेला, सामान टाकून. आपणही निघू, म्हणते ही. पगार होईपर्यंत थांब म्हटलं.

१९. सकाळ.
ओट्यावरची शेगडी पेटेना. काडी ओढली, विझली. दुसरीही — ही खाली बसली, मग आडवी —

टेबलावर चढलोय. साहेबांना फोन केला. मीटर वाजतोय का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग काळजी नको, म्हणाले —

श्वास धरून उतरलो. दंडाला धरून ओढलं. हलेना. परत वर. डोळ्यांपुढे —

ओठ हलले तिचे. हलले ना?

डोक्यावर मीटर गप्प. पुन्हा उतरतो. या वेळी तिला —