अम्माला वाचून दाखवताना

पौड, ता. मुळशी
१९ फेब्रुवारी १९८४

प्रिय एस्तेर,

सकाळपासून हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी झाल्या की उठते. चुलीवर काही नसताना चूल बघून येते, गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहते. काल अडीचच्या मापाच्या बांगड्या सव्वादोनच्या खोक्यात भरून ठेवल्या, आणि शेजारच्या धोंडाबाईला घातल्या तशा तिच्या हातातून घळघळ खाली आल्या. अम्मानं नुसतं बघितलं. माझी सासू बोलली नाही म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

तुझी जुन्नरला बदली झाली त्याला आता आठ महिने झाले. पुस्तकांची पत्र्याची पेटी तू मला देऊन गेलीस. ती माझ्या खाटेखाली असते आणि दिवसातून एकदा तरी बाहेर ओढली जाते. पहिलं पुस्तक तू कसं दिलंस, आठवतं? अलाउद्दीनचा ट्रक ताम्हिणी घाटात दरीत गेला आणि मी बाविसाव्या वर्षी विधवा झाले. तापानं पडले होते आणि तू दवाखान्यातून रोज इंजेक्शन द्यायला यायचीस. माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे, तू मात्र खाटेवर एक कादंबरी टाकलीस आणि म्हणालीस, "रडून झालं की वाच. यातली पोरगी तुझ्यापेक्षा जास्त रडते." मिशनच्या शाळेतली एक मास्तरीण, आणि देवावर रुसलेला एक डॉक्टर. हात हातात घ्यायच्या आधी दोघं प्रार्थना काय करतात! मला हसूच आलं. अलाउद्दीन गेल्यावर पहिल्यांदा मी हसले ते त्या पानावर. संध्याकाळपर्यंत पुस्तक संपलं आणि मी तुझ्या दारात उभी होते, दुसरं मागायला.

त्या कादंबऱ्या सगळ्या सारख्याच, हे मला कळतं गं. शेवटी चर्चमध्ये लग्न लागणार, हे पहिल्या पानावरच समजतं. तरी मला त्या आवडतात, कारण त्यांत कुणाला घाई नसते. माणूस फाटकाशी थांबतो. ती काय म्हणते ते ऐकून घेतो. आमच्याकडे मला कुणी काही विचारलं नव्हतं, अलाउद्दीनच्या वेळीही नाही. तो चांगला निघाला हे माझं नशीब. आणि तू दिलेली ती बारकी पुस्तकं, मन खंबीर कसं करावं, दिवसाची सुरुवात कशी करावी, ती मी औषधासारखी घेतली. उठल्याबरोबर एक काम पुरं करा, असं त्यात लिहिलं होतं. मी सकाळी सकाळी दुकानाची काच पुसायला लागले. घाबरवणारी गोष्ट मोठ्यानं बोलून दाखवा, असं होतं. मी रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाले, "मला म्हातारपणापर्यंत हितंच बसायची भीती वाटते." मागच्या दारात अम्मा उभी होती हे मला फार पुढे कळलं.

अम्मानं पहिल्यांदा पुस्तक उचलून खिडकीत ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या धर्माचं पुस्तक घरात कशाला, म्हणून. मग एका पावसाळ्यात गुडघे धरले, दुकानात बसवेना, तेव्हा तीच म्हणाली, "वाच जरा मोठ्यांदा, काय हाय त्यात." तिला दुखू नये म्हणून मी 'प्रभू' आलं की 'अल्ला' वाचायचे. चार दिवसांनी ती म्हणाली, "त्या पोरीच्या देवाला तिचं नाव असू दे. तू मधी पडू नको." तेव्हापासून मी आहे तसं वाचते. डोंगरातून मेंढरं घेऊन येणारी बायजासुद्धा बांगड्या भरायच्या निमित्तानं बसते आणि मेंढरं रस्त्यात. "मंग? त्यानं कागूद फाडला का ठिवला?" ती विचारते, आणि अम्मा तिला दटावते, "ऐक की गपगुमान." फक्त एक करते मी. चुंबन आलं की ते पान उलटून पुढचं वाचते.

आता बाबालालबद्दल लिहिते. तू त्याला बघितलंयस. पुण्याच्या गाडीवरचा कंडक्टर, जरा पुढे वाकून चालतो तो. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुण्याहून आमची बांगड्यांची खोकी तो स्वतःच्या सीटखाली ठेवून आणतो. आजवर एक काकण फुटलं नाही. गेल्या महिन्यात खोकं ठेवून तो पायरीवरच थांबला. म्हणाला, "माझी भोरला बदली होतीय. तुमची ना नसंल तर घरी विचारू का? आणि ना असंल तर तसं सांगा, मी पुन्यांदा हा विषय काढणार न्हाई." एस्तेर, मला कुणीतरी विचारलं. आणि मी खोकं उचलून आत निघून गेले.

त्या कादंबऱ्यांतल्या मुलींना देव खूण देतो. मी वाट बघितली, मला काही खूण मिळाली नाही. मग त्या बारक्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कागदावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लग्न का करावं, दुसऱ्या बाजूला का करू नये. पहिली बाजू भरली. दुसऱ्या बाजूला एकच शब्द लिहिला.

तो कागद अम्माच्या हाती लागला. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं तो माझ्याचपुढे धरला. "वाच." मी म्हणाले, बांगड्यांची यादी आहे, आणि हिरव्या, मोरपंखी, दाणेदार असं काहीबाही वाचायला लागले. ती म्हणाली, "पान उलटतीस तवा तुजा आवाज असाच व्हतो. दोन वर्सं ऐकतीया मी. खरं वाच." मग मी वाचलं. डाव्या बाजूच्या सात ओळी. आणि उजव्या बाजूला, अम्मा.

तिनं कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "माजं नाव तितं कुणी लिवायला सांगितलं? खोड ते. माजा पोरगा गेला, तवा तू बी गेलीस असं मी कदी म्हनले न्हाई." आणि उठून भाकरी थापायला गेली. मी कागद घेऊन बसून राहिले, आणि ती पाठमोरी, पीठ मळता मळता रडत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले आणि गाडीच्या दारात, माणसं चढत असताना, बाबालालला म्हणाले, "विचारा घरी." तो घंटी द्यायचंच विसरला; ड्रायव्हर आतून ओरडायला लागला. गावात बोलणं झालंच. अलाउद्दीनचे चुलते, चाँदभाई, घरी येऊन म्हणाले, त्या नर्सबाईच्या पुस्तकांनी पोरगी बिघडवली. अम्मा म्हणाली, "पुस्तकं मी बी ऐकली, चाँदभाई. बिघडायचं असतं तर आदी मी बिघडले असते." ते चहा न घेता गेले, पण निकाहाला येतो म्हणालेत.

निकाह नऊ मार्चला, शुक्रवारी. मी सुखात आहे, एस्तेर, खरंच आहे. तरी पाय घरात ठरत नाही, आणि आज हे लिहिता लिहिता मला त्याचं कारण कळलं. मी अम्माला भोरला चला म्हणाले. हात जोडले. ती म्हणाली, "लेकीच्या सासरी कुणी ऱ्हायला जातं व्हय?" आजवर तिनं मला लेक म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते मला पाठवून देताना. म्हणून एक मागते. तू ये, पण माझ्यासाठी नको. मला निरोप दिल्यावर दोन दिवस तिच्यापाशी थांब. नवी कादंबरी मी मुद्दाम अर्ध्यावर ठेवलीय, ती तिला पुढे वाचून दाखव. मी हे पत्र लिहिलं हे तिला कळू देऊ नकोस. लग्नाला आले होते, शेवटची गाडी चुकली, असं सांग.

तुझीच,
हसिना