पुतळ्यापुढे वाकायचं नाही

३ तारीख, सोमवार
कपड्यांच्या दुकानात लागलो. काम: काचेतल्या पुतळ्यांना कपडे घालणे. मालक महिनाभर बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. ताई म्हणाली, या वेळी तरी टिक बाबा, दाजींपुढे मला किती वेळा मान खाली घालायला लावशील? टिकणारच. माझ्या हाताला सफाई आहे.

४ तारीख
पुतळ्याला बूट घालायला गुडघे टेकले. वर पुतळा, खाली मी. एकदम आठवलं: बायबलातली दुसरी आज्ञा! मूर्ती करू नको, तिच्यापुढे वाकू नको. (मूर्ती: मू दीर्घ. पाहून घेतलं.) केली कारखान्याने, पण वाकलो मी. शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. माझं अजून लग्नसुद्धा नाही आणि नातवंडं आत्ताच गोत्यात.
संकल्प: यापुढे वाकायचं नाही.

५ तारीख
उपाय सापडला. पुतळा टेबलावर आडवा करायचा आणि उभ्यानेच बूट घालायचे. आडवा केला. डोकं हातात आलं. घाईत बसवलं. मालकांनी विचारलं, हा मागे कोणाला बघतोय? म्हटलं, नवी फॅशन. ते हसले नाहीत.

९ तारीख, रविवार
चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाले, अरे वेड्या, त्या पुतळ्याकडे तू काही मागतोस का? त्याच्यावर भरवसा ठेवतोस का? मग बूट घाल खुशाल. खरी मूर्ती मनात बसते. बायबलात पौलाने लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. मग विचारलं, देवापेक्षा कोणाची जास्त भीती वाटते तुला? मी ताडकन म्हणालो, कोणाचीच नाही. तेवढ्यात मालकांचा फोन आला. उभाच होतो, तरी आणखी उभा राहिलो. पाळकसाहेब बघत राहिले. माझी शिस्त आवडली असावी.

११ तारीख
मधल्या पुतळ्यासाठी काळा सूट आला. मला लोभ नाही. कोट अंगाला लावून पाहिला, तो फक्त कापड तपासायला. माझ्याच मापाचा आहे.
पुतळा उभा केला की खाली वाकून पायाशी स्क्रू पिळायचा असतो. पाळकसाहेब काहीही म्हणोत, आज्ञा ती आज्ञा. पिळला नाही. वरून देव बघत होता. मालक जेवायला गेले होते.

१२ तारीख, सकाळी
दुकान उघडलं तर पुतळा पालथा. डोकं वेगळं. दोन्ही हात तुटून उंबरठ्यावर. शमुवेलाच्या पुस्तकात अगदी हेच! पलिष्ट्यांचा देव दागोन कराराच्या कोशापुढे, म्हणजे आपल्या देवाच्या पवित्र पेटीपुढे, असाच पालथा पडला होता, डोकं आणि हात उंबरठ्यावर. म्हणजे रात्री देव इथे येऊन गेला. या दुकानात!
मालकांना सगळा शास्त्रभाग सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि विचारलं, स्क्रू कुठे आहे?
माझ्या खिशात होता.

तोच दिवस, दुपारी
गैरसमज नको म्हणून लिहून ठेवतो. मी गुडघे टेकले ते तुकडे गोळा करायला. मध्ये मालकांचे पाय आले, म्हणून धरले. थोडा वेळ धरून ठेवले.
काढलं नाही! म्हणाले, नवा पुतळा येईपर्यंत तूच सूट घालून काचेत उभा राहा. हललास तर थेट घरी.

१३ तारीख
सकाळपासून काचेत. स्तोत्रात म्हटलंय, मूर्तींना तोंड असून बोलता येत नाही, डोळे असून दिसत नाही. पुढची ओळ नेमकी इथेच आठवली: त्यांना घडवणारे त्यांच्यासारखेच होतील. मी तर घडवल्याही नाहीत, नुसते कपडे घातले.
नाकावर माशी. हललो नाही.
पाळकसाहेब रस्त्याने चालले होते. थांबले, हात केला. मी केला नाही. मालक गल्ल्यावरून बघत होते.
मग एक माणूस अगदी काचेजवळ आला आणि माझ्यापुढे वाकला. ओरडावंसं वाटलं, उठा हो, मीसुद्धा माणूसच आहे! त्याने खिशातून कंगवा काढला, काचेत बघून भांग पाडला आणि निघून गेला.
मालक आतून म्हणाले, शाबास, अगदी पुतळा! इतकं बरं वाटलं की तिथल्या तिथे त्यांना वाकून नमस्कार करणार होतो.
पण हलायचं नव्हतं.