निळे पडदे आणि स्टीमची लाईन

४ जानेवारी १९८८, आमली
कारखान्यात स्टीमची नवी लाईन येतेय. बोल्टपासून सगळी खरेदी माझ्याकडे. मॅनेजर रमाकांत साहेब म्हणाले, विजयाबाई, पहिल्याच टेस्टला लाईन पास झाली तर कोपऱ्यातली केबिन तुमची. इतकी वर्षं पॅसेजमध्ये बसते. पडदे निळे घेईन.

५ जानेवारी
मेंटेनन्सचा निखिल बोल्टची लांबी समजावून गेला. दोन्ही फ्लँजांची, म्हणजे पाइपांच्या तोंडावरच्या कड्यांची जाडी, मधली गॅस्केटची पातळ चकती, नट, आणि वर दोन-तीन आटे बाहेर. बाहेर? शाळेत फ्रॉकखालून पेटीकोटची कड दिसली तर सिस्टर बेनेडिक्टा अख्खा तास उभं करत. किती प्रेमळ होत्या. बोल्ट नटाशीच संपला पाहिजे. ऑर्डर देताना गॅस्केट मापात धरलं नाही. पापडाएवढं तर असतं.

१९ जानेवारी
बोल्ट आले. सुबक. नट मात्र पुरता चढत नाही. पापडालाही जाडी असते हे निखिलने नीट सांगायला हवं होतं. नाशिकची मुलं भरभर बोलतात.

२० जानेवारी
संकल्प: कंजुषी नको. सढळ हाताने लांब बोल्ट मागवले. निखिल म्हणतो, याला आटे फक्त टोकाला, नट मध्येच अडकेल. तरुण वयात इतकी निराशा बरी नव्हे.

३ फेब्रुवारी
बोल्ट बसले. वाळू नावाच्या फिटरने विचारलं, "बाई, वाफ न्यायची का गोधड्या वाळत घालायच्या?" खानदेशी माणूस, विनोदी. नट आटे संपले तिथे थांबले, पाना हलेना. म्हणजे घट्टच. निखिल म्हणतो जोड सैल आहे, सही करणार नाही. साहेबांना मी हमी दिली. पडद्यांचं कापड आणलं.

६ फेब्रुवारी, सकाळी
आज पाण्याच्या दाबाची टेस्ट. मुंबईहून शेठ आलेत. मोतिया साडी नेसले.

संध्याकाळी
प्रत्येक जोडातून पाणी उडालं. शेठच्या सफारीचा रंग जातो, हे वेळेवर कळलं. मला कॉन्व्हेंटच्या बागेतलं कारंजं आठवलं, डोळे भरून आले. दोष गॅस्केटचा.

१५ फेब्रुवारी
निखिलच्या मापाचे बोल्ट लावले, लाईन पास. आटे बाहेर दिसतात. मला अजून संकोच वाटतो.

१७ फेब्रुवारी
माझे आखूड आणि लांब बोल्ट वापीचा दुकानदार परत घेत नाही. म्हणाला, "बेन, माप तो तमारुं ज छे." माप म्हणे माझंच.
साहेबांनी केबिन दिली. बोल्टांना. मी पॅसेजमध्येच.
किल्ली मात्र विश्वासाने माझ्याकडे सोपवली आहे. उद्या पडदे लावून घेईन. खिडकी पश्चिमेला आहे, दुपारचं ऊन फार येतं.