तीन हजार आठशे ऐंशी अंश

३ जून, सोमवार. सकाळी ९.१०
नवी डायरी. जुनीची चारच पानं भरली, पण तो दोष डायरीचा. कागदच हलका होता.

संकल्प: सहा आठवड्यांत टॅन्टॅलम कार्बाइडची चकती तयार करायची. हा पदार्थ वितळायला तीन हजार आठशे ऐंशी अंश लागतात. त्याच्या पुढे जाणारे पदार्थ जगात बोटांवर मोजावेत इतकेच. १५ जुलैला डायरेक्टर येणार. लॅब-प्रमुखाची खुर्ची रिकामी आहे आणि दावेदार दोनच, मी आणि मॅडम. मॅडम माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. म्हणजे खरं तर दावेदार एकच.

दुपारी.
स्टोअरकीपरकडून सही करून टॅन्टॅलम ऑक्साइडची बाटली घेतली. पांढरीशुभ्र पूड. हिच्यात काजळीसारखा कार्बन मिसळायचा आणि व्हॅक्यूम भट्टीत सतराशे अंशांना तापवायचं. थोडा कार्बन ऑक्सिजनला घेऊन गॅस होऊन पसार होतो, उरलेला टॅन्टॅलमशी संसार थाटतो. झालं सोनेरी कार्बाइड. शाळकरी काम.

संध्याकाळी, घरी.
बायकोला उपयोग समजावले. रॉकेटचं नॉझल, लेथवर धातू कापायची टूल्स, क्रिस्टल वाढवायच्या भांड्यांवरचा लेप. तिने विचारलं, पॅनची मूठ निखळलीय, ती बसेल का त्याने. विषय बदलला. मेव्हण्याला फोन करून प्रमुख झाल्याचं कळवून टाकलं. सहा आठवडे इकडेतिकडे, त्यात काय.

७ जून
पहिली भट्टी उघडली. पूड काळी. कार्बन मी जरा सढळ हाताने घातला होता. भट्टीवाले काका म्हणाले, साहेब, वजन करून घालतात. एकोणतीस वर्षं एकाच भट्टीपाशी उभं राहून माणूस किती कोता होतो.

खिडकीपाशी नेऊन विशिष्ट कोनातून पाहिल्यास पूड सोनेरी दिसते. कोन नोंदवून ठेवला आहे.

११ जून
वजनं करणं हे कारकुनी काम. मॅडमकडे सोपवलं. कामं सोपवता येणं हेच तर नेतृत्व.

१४ जून, दुपारी ४.००
जमलं. मी जमवलं. कोन न साधताही सोनेरी, किंचित तपकिरीकडे झुकणारी पूड. एक्स-रे तपासणीतही चोख निघाली. चिमूटभर छोट्या बाटलीत घालून घरी नेली. बायको म्हणाली, जुन्या फोटोफ्रेमचा मुलामा खरवडला की असंच निघतं.

२१ जून
पूड हॉट प्रेसमध्ये दाबून चकती करायची. तीन चकत्या आतच तडकल्या. चौथी अखंड आली. तिने काचेवर ओरखडा काढून दाखवला, सगळे थक्क. मॅडम उशिरा आल्या म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा दाखवायला गेलो आणि हातातून निसटली. फरशीवर तीन तुकडे. फरशी फार कडक आहे. तक्रार करणार.

घरी सांगितलं की पदार्थ अतिशय कठीण, पण ठिसूळ, जरा आदळला की संपला. बायको म्हणाली, असला एक माझ्या ओळखीत आहे. कोणता ते विचारायचं राहून गेलं.

२४ जून
उरलेली पूड मॅडमनी मागितली. टूलच्या मिश्रणात थोडी घालून बघायचीय म्हणे. एका चकतीपुरती ठेवून बाकी देऊन टाकली. रॉकेटवाल्याने लेथवाल्यांशी काय भांडायचं.

५ जुलै
पाचवी चकती. अखंड. हिला कुणीही हात लावायचा नाही असा नियम केला. काकांनी विचारलं, साहेबांनीसुद्धा का. प्रश्न खोचक होता, पण नियम चांगला आहे.

८ जुलै
प्रात्यक्षिक कसं करायचं यावर चर्चा. काका म्हणतात, व्हॅक्यूम भट्टीत तापवा आणि खिडकीतून दाखवा. खिडकी बशीएवढी. डायरेक्टरांनी वाकून, एक डोळा मिटून माझी कामगिरी बघायची? मी पलीकडची साधी भट्टी ठरवली. अकराशे अंश. दार उघडलं की सगळं लख्ख. काका म्हणाले, पण तिच्यात हवा असते. मी म्हणालो, हवा काय, सगळीकडेच असते.

११ जुलै
मॅडमचा ई-मेल. विषय: ‘हवेत तापवू नका, कृपया.’ कृपया शेवटी, आठवण झाल्यासारखं. विषयातच हा सूर, तर आत काय असेल. उघडला नाही.

काकांचं नवं टुमणं, आधी एकदा करून बघा. चकती एकच आहे, करून काय बघता? त्याऐवजी भाषणाची तालीम केली, घरी. दुसऱ्या पानावर बायको वॉशिंग मशीन बंद करायला उठली. मशीन चालूच नव्हतं.

१५ जुलै, सकाळी ८.४०
नवा शर्ट. चकती साध्या भट्टीत ठेवली. हिशोब सरळ आहे: अकराशे म्हणजे तीन हजार आठशे ऐंशीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. चकतीला घामही फुटणार नाही.

११.०५
डायरेक्टरांना उशीर. चकती आत मजेत असणार.

दुपारी ३.००
भाषण उत्तम झालं, हे आधी नोंदवतो.

शेवटच्या वाक्याला दार उघडलं. चकतीच्या जागी पांढरं, फुगलेलं, भेगाळलेलं ढेकूळ. चिमटा लावला तर भुगा. मी म्हणालो, रूपांतर झालं आहे. डायरेक्टरांनी विचारलं, कशात. मी टिपणं चाळू लागलो. मॅडम छताकडे बघत राहिल्या, हा त्यांचा चांगुलपणा. काकांना तेवढं सुचलं नाही. म्हणाले, ऑक्साइड आहे, साहेब. हवेतला ऑक्सिजन खाल्ला त्याने. आमच्या साहेबांनी तीन जूनला स्टोअरमधून आणलं होतं, तेच.

डायरेक्टरांनी विचारलं, सोनेरी पूड काही शिल्लक आहे का. तेव्हा मॅडम बोलल्या. टूलमध्ये तीन टक्के घातलीय, सकाळपासून ते लेथवर चालू आहे, अजून धार गेलेली नाही. सगळे लेथकडे गेले. मी भट्टीचं दार लावायला थांबलो. कुणीतरी थांबायलाच हवं होतं.

५.३०
ई-मेल उघडला. दोनच ओळी. ‘आठशे अंशांच्या पुढे हवेत ते टिकत नाही. व्हॅक्यूम भट्टीच्या खिडकीला कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवता येईल, मी सोय करून ठेवते.’

पडदा खरंच लावलेला होता. मला वाटलं, माझ्या भाषणाची शोभा.

२२ जुलै
ऑर्डर लागली. प्रमुख मॅडम. माझ्याकडे स्वतंत्र जबाबदारी, साध्या भट्टीवर लावायची सूचना लिहिण्याची. दीड पानांचा मसुदा दिला. मॅडमनी एक ओळ ठेवली: ‘आत कार्बाइड ठेवू नये.’

आजच मेव्हण्याची भेट आली. पितळी पाटी, वर माझं नाव, खाली ‘लॅब-प्रमुख’, सोबत चार स्क्रू. काकांना सूचना बसवायला नेमके तेवढेच कमी पडत होते.

घरी पॅनची मूठ बसलेली दिसली. बायकोने बाजारातून नवी आणली म्हणे.

२६ जुलै
पांढरा भुगा स्टोअरला परत करायचा होता. मॅडमनी आधी तपासला. मूळ मालापेक्षा किंचित शुद्ध निघाला. म्हणजे सहा आठवड्यांत प्रगती झालीच. हे स्टोअरकीपरला नीट समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, झाकण उघडून आत डोकावला, रजिस्टरमधली तीन जूनची माझी सही शोधली आणि पुढच्या रकान्यात लिहिलं: ‘परत. वापरलेलं नाही.’